शाळेच्या फाटकापासून ५० मीटर

गेल्या अंकात तळणीच्या तेलाबद्दल लिहिताना शाळेबाहेरच्या गाड्यांचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घ्यावासाच वाटला नाही. शाळेजवळ फास्ट फूडची दुकानं असू द्यावीत का, हाच प्रश्न जवळजवळ प्रत्येकाने आपापल्या बाजूने विचारला आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी अन्न व औषध प्रशासनात २९ वर्षं नोकरी केली. २०११ पर्यंत आमच्या पदाला अन्न निरीक्षक म्हणत, नवा कायदा लागू झाल्यावर अन्न सुरक्षा अधिकारी म्हणू लागले. सोलापूर, सांगली आणि शेवटी पुणे अशी माझी नोकरी झाली. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून कुणाचंच नाव दिलेलं नाही.

प्रश्न : ताई, माझी मुलगी सहावीत आहे. तिच्या शाळेसमोर, रस्त्याच्या पलीकडे पिझ्झा-बर्गरचं मोठं दुकान सुरू होतंय. शटर उघडायच्या आधीच ‘विद्यार्थ्यांसाठी खास सवलत’ असा फलक लागलाय. शाळा म्हणते, फाटकाबाहेरचं आमच्या हातात नाही. नगरपालिकेत गेलो तर म्हणाले, परवाना असेल तर आम्ही काय करणार? शाळेजवळ अशा दुकानांना परवानगी असावी का? आणि नसावी, तर आम्ही आयांनी जायचं कुणाकडे?
*एक आई, सातारा जिल्हा*

उत्तर : माझं मत आधी सांगते. नसावी. अकरा वर्षांच्या मुलीला रोज दोनदा ज्या दारावरून जावं लागतं, त्या दारात तिच्याच नावाने सवलतीची पाटी लावणं मला मुळीच मान्य नाही. मोठा माणूस दुकान ओलांडून पुढे जाऊ शकतो. मधल्या सुट्टीत पोटात भूक आणि खिशात वीस रुपये असलेल्या मुलाकडून तशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

आता कायद्याचं. तुम्हाला दोन्हीकडून मिळालेलं उत्तर अर्धवट आहे. केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, शाळकरी मुलांच्या आहारासाठी स्वतंत्र विनियम केले आहेत. त्यांची मुळं २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झालेल्या एका जनहित याचिकेत आहेत. २०१५ मध्ये न्यायालयाने आदेश दिला, सप्टेंबर २०२० मध्ये विनियम अधिसूचित झाले आणि १ जुलै २०२१ पासून ते लागू आहेत. संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा मीठ ज्यांत जास्त आहे असे पदार्थ शाळेच्या आवारात विकता येत नाहीत. शाळेच्या फाटकापासून कोणत्याही दिशेला ५० मीटरच्या आत ते शाळकरी मुलांनाही विकता येत नाहीत. आणि बंदी फक्त विक्रीवर नाही. जाहिरात करणं, फुकट वाटणं हेही त्यात येतं. तुमच्या शाळेसमोरचं ते दुकान ५० मीटरच्या आत असेल, तर त्याचा तो सवलतीचा फलक याच कलमात बसतो.

हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. त्याचं एक कारण मी नोकरीत असताना पाहिलं. जुलै २०२१ मध्ये कोरोनामुळे बहुतेक शाळा बंदच होत्या. नियम आला तेव्हा फाटकावर मुलंच नव्हती, आणि मुलं परत आली तेव्हा नियम कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकू नये हा २००३ चा कायदा लोकांना माहीत आहे, कारण त्याची पाटी भिंतीवर रंगवलेली असते. या नियमाप्रमाणेही शाळेने फाटकावर पाटी लावायची आहे. तुमच्या मुलीच्या शाळेत ती आहे का, ते पहिल्यांदा बघा.

मग असं करा. खेळाच्या शिक्षकांकडे लांब उडी मोजायची टेप असते, ती मागून घ्या. फाटकापासून त्या दुकानाच्या दारापर्यंत मोजा, सोबत दोन-चार पालक असू द्या. फलकाचा फोटो काढा, त्यात शाळेचं फाटकही दिसू द्या. जिल्ह्याच्या ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय असतं, तिथे सहायक आयुक्त (अन्न) यांच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. एकट्या आईचा अर्ज आणि चाळीस पालकांच्या सह्यांचा अर्ज यांत कागद म्हणून फरक नाही, पण टेबलावर पडल्यावर फार फरक असतो. त्या टेबलाच्या पलीकडे मी बसलेली आहे, म्हणून सांगते.

नियमाच्या मर्यादाही सांगते. ‘जास्त’ म्हणजे नेमके किती ग्रॅम, याचा आकडा त्या विनियमांत दिलेला नाही. अधिकारी कारवाईला गेला की दुकानदाराचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो. दुसरं, ५० मीटर म्हणजे मुलांच्या पायाला एक मिनिटसुद्धा नाही. दक्षिण कोरियात शाळेभोवती २०० मीटरचा पट्टा आखलेला असतो. लंडनच्या २०२१ च्या शहर आराखड्यात शाळेपासून चालत ४०० मीटरच्या आत नव्या टेकअवे दुकानांना परवानगी देऊ नये असं म्हटलंय. आपल्याकडे निदान २०० मीटर हवेत, असं माझं ठाम म्हणणं आहे.

पण अंतर वाढवलं की काम झालं, असंही समजू नका. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात २००८ मध्ये फास्ट फूडच्या नव्या स्वतंत्र दुकानांवर बंदी घातली. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिलं तर तिथला लठ्ठपणा कमी झालेला नव्हता. जुनी दुकानं जिथल्या तिथे होती, आणि नुसत्या बंदीने लोकांना दुसरं परवडणारं काही मिळत नाही. म्हणून अर्जाबरोबर दुसरंही एक विचारा, शाळेत मधल्या सुट्टीत मुलांना खायला काय मिळतं? त्याबद्दल पुढे मुख्याध्यापकांच्या पत्रात लिहिलंय, तेही वाचा.

मुलीला रागावू नका. तिच्यासोबत बसून एकदा बाटलीवरचं लेबल वाचा. कोलाच्या बाटलीवर १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर लिहिलेली असते. २५० मिलीची बाटली म्हणजे २५ ग्रॅमच्या वर साखर, चहाचे पाच-सहा चमचे. तिला वाटीत तेवढी साखर स्वतःच्या हाताने काढून बघू द्या. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसभराच्या उष्मांकांपैकी ५ टक्क्यांपर्यंतच वरची साखर ठेवली तर उत्तम. तिच्या वयाला ते २५ ग्रॅमच्या आसपासच होतं. म्हणजे एका बाटलीत दिवस संपला. माझ्या भाचीने अशी साखर काढली तेव्हा पाचव्या चमच्याला तिचा हात थांबला आणि ती म्हणाली, “मावशी, अजून?” नंतर मला तिला काही सांगावं लागलं नाही.

प्रश्न : आम्ही लहानपणी शाळेबाहेर बोरं, चिंचा, बर्फाचे गोळे, भेळ सगळं खाल्लं. धुळीतलं खाल्लं. आज ७४ व्या वर्षी मी धडधाकट आहे. आताच्या पालकांनी उगाच बाऊ केला आहे, असं नाही का वाटत?
*एक आजोबा, पुणे*

उत्तर : आजोबा, तुमची तब्येत अशीच राहो. पण तुम्ही जे खाल्लंत त्याची यादी पुन्हा वाचा. बोरं, चिंचा, आणि सोबत आवळे, कैरीच्या फोडी, उकडलेल्या शेंगाही असतीलच. गोळा आणि भेळ सोडली तर सगळं झाडावरचं किंवा शेतातलं आहे. आणि तुमच्या हातात रोज पैसे कुठे असायचे? हंगामात चार दिवस बोरं, जत्रेत एखादा गोळा. आज पाच रुपयांचं चिप्सचं पाकीट बारा महिने, गल्लीगल्लीत लटकलेलं असतं. हा फरक मोठा आहे.

२०१६ ते २०१८ मध्ये देशभर मुलांचं राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झालं. त्यात १० ते १९ वर्षांच्या मुलांपैकी साधारण १० टक्के मुलं मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. त्याच वयाची २४ टक्के मुलं हडकुळी होती. एकाच वर्गात दोन्ही बसलेली आहेत. पाकिटाने दोघांचंही नुकसान होतं. एकाचं वजन वाढतं, आणि दुसऱ्याची भूक तेवढ्यापुरती मरते, अंगाला काहीच लागत नाही. पालकांनी बाऊ केलेला नाही. मला तर वाटतं, अजून पुरेशी काळजी केलेली नाही.

प्रश्न : मॅडम, मी १८ वर्षं एका हायस्कूलच्या भिंतीला वडापावची गाडी लावतो. माझी दोन्ही पोरं याच शाळेत शिकली. आता नवे मुख्याध्यापक म्हणतात, फास्ट फूड बंद. महिन्यात दोनदा गाडी उचलली. पिझ्झावाले काचेच्या आत बसून विकतात, त्यांना कुणी हात लावत नाही. वडापाव फास्ट फूड आहे का? मी आता काय करू?
*वडापाव विक्रेता, सोलापूर*

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. एक तुमच्या पोटाचा, एक मुलांच्या. दोन्ही खरे आहेत.

वडापाव रोज खावा असा पदार्थ नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मैद्याचा पाव, बटाटा, बेसन, सगळं तळलेलं, वर खारट चटणी आणि मिठात घोळलेली मिरची. शनिवारी एखादा खाल्ला तर बिघडत नाही. पण तुमच्या गाडीवर येणारं पोर सोमवार ते शनिवार येतं. म्हणून शाळेच्या भिंतीला, मधल्या सुट्टीत तो विकू नये असं मी तुम्हालाही सांगेन आणि पिझ्झावाल्यालाही. नियम दोघांना सारखाच आहे. गाडी उचलता येते आणि काचेचं दुकान उचलता येत नाही, म्हणून कारवाई तुमच्यावर होते. हे चूक आहे, आणि नोकरीत असतानाही मी हे वरिष्ठांना सांगत होते.

सांगलीतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. वरून आदेश आला आणि आम्ही एका शाळेबाहेरच्या नऊ गाड्या एका दिवसात हटवल्या. त्यांत वडा-भजीवाले होते, तसंच एक शेंगा उकडून विकणारी आजी होती आणि पेरू कापून देणारा एक माणूसही होता. आदेशात ‘गाड्या’ लिहिलं होतं, म्हणून सगळ्याच गेल्या. पंधरा दिवसांनी मी तिथून जात होते. समोरच्या किराणा दुकानाच्या दाराला पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा टांगल्या होत्या, दार दिसत नव्हतं इतक्या. पोरं त्या माळांतून पाकिटं तोडून घेत होती. शेंगा गेल्या, पेरू गेले आणि पाकिटं आली. त्या कागदावर माझी सही आहे. तेव्हापासून कुणी ‘गाड्या हटवा’ म्हटलं की मी विचारते, गाडीवर काय आहे ते पाहिलंत का?

तुमचा हक्क आधी सांगते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. महापालिकेने विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, प्रमाणपत्र द्यायचं, आणि ते होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही असं त्यात आहे. जागा बदलायची तरी ३० दिवसांची नोटीस हवी. सर्वेक्षणात तुमचं नाव आहे का, प्रमाणपत्र मिळालंय का, हे नगर पथविक्रेता समितीकडे जाऊन विचारा. मात्र शाळेच्या भिंतीलाच जागा मिळेल, या भरवशावर राहू नका. मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा-कॉलेजपासून १०० मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितली होती आणि बऱ्याच पालिका तोच दाखला देतात. तुमची एफएसएसएआयची नोंदणी आहे ना? १४ आकडी क्रमांक गाडीवर लावा. नोंदणी नसेल तर आजच करा. ती नसली की बाकी सगळं बरोबर असूनही तुमची बाजू लंगडी पडते.

आता तेलाचं. सांगलीतच, सकाळी साडेनऊची वेळ. एका गाडीवरच्या कढईतलं तेल काकवीसारखं झालेलं. वडा सोडला की फेस काठापर्यंत चढायचा आणि खाली बसायचाच नाही. मी मीटरची दांडी तेलात धरली. तेल तापून तापून किती बिघडलंय हे तो मीटर सांगतो. बिघडलेला भाग २५ टक्क्यांच्या पुढे गेला की ते तेल वापरायचं नाही, हा जुलै २०१८ पासूनचा नियम आहे. पडदा लाल झाला. तो विक्रेता मला म्हणाला, “मॅडम, हे टाकून देऊ? काल रात्रीच तर अर्धा डबा नवं ओतलंय.” त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. जुन्यात नवं ओतलं की तेल नवं होतं, असं त्याला खरंच वाटत होतं. होत नाही, दादा. उलट जुन्या तेलातला खराब भाग नव्या तेलालाही लवकर बिघडवतो. तेल काळं झालं, धूर लवकर यायला लागला, बोटाला चिकट लागलं, फेस बसेना झाला की कढई रिकामी करायची. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या मोठ्या दुकानांना तेलाची नोंद ठेवावी लागते. तुमच्यावर ते बंधन नाही, म्हणून तुम्हाला स्वतःच लक्ष ठेवायला हवं. आणि वर्तमानपत्रात वडा गुंडाळून देणं तर आजपासूनच बंद करा. शाई तेलात उतरते आणि मुलाच्या तोंडात जाते.

काय विकाल? याचं उत्तर मी सोलापुरातच पाहिलंय. एका शाळेच्या मागच्या गल्लीत एक मावशी मोड आलेल्या मटकीची भेळ विकायच्या. चुरमुरे, वाफवलेली मटकी, कांदा, टोमॅटो, वर शेंगदाण्याची चटणी आणि लिंबू. फरसाण चिमूटभर. पातेलं मांडीएवढं, त्यात उलथनं फिरायचं तसा मटकीचा आणि लिंबाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. पोरं रांगेत उभी राहायची, कारण ती गरम असायची, झणझणीत असायची आणि दहा रुपयांत वाटीभर मिळायची. मुलांना चमचमीत हवं असतं. ते तळलेलंच हवं असा त्यांचा हट्ट नसतो. तुमच्या हातात १८ वर्षांची चव आहे. मधल्या सुट्टीला मटकी भेळ, इडली, आप्पे, उकडलेल्या शेंगा, कणीस असं दोन-तीन पदार्थांचं बघा. वडापाव संध्याकाळी, शाळेपासून लांबच्या चौकात लावा. तिथे मोठी माणसं येतात. आणि मुख्याध्यापकांना भेटायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, एक वाटी भेळ घेऊन जा. त्यांनी ऐकलं नाही तर मला कळवा, मी त्यांना पत्र लिहीन.

प्रश्न : शाळेबाहेर गुलाबी ‘म्हातारीचे केस’ विकायला येतात. मुलगा हट्ट करतो. घेऊन द्यावेत का?
*एक बाबा, नाशिक*

उत्तर : गडद गुलाबी असतील तर नको. २०२४ च्या फेब्रुवारीत तामिळनाडू आणि पुदुच्चेरीत तपासणी झाली तेव्हा त्यांत रोडामाइन-बी सापडलं. तो कापड रंगवायचा रंग आहे, खाण्यात त्याला परवानगीच नाही. दोन्हीकडे बंदी आली, मार्चमध्ये कर्नाटकातही रंगीत ‘कापूस’ बंद झाला. आपल्याकडचा प्रत्येक विक्रेता तोच रंग घालतो असं मी म्हणत नाही, पण डोळ्यांनी ओळखता येत नाही. पांढरे मिळाले तर ती नुसती साखर आहे, जत्रेत एखादवेळी चालेल. हाच नियम लालभडक मंचुरियनलाही लावा. गोळेवाल्याकडचा बर्फ निळसर दिसला तर मात्र लगेच मागे फिरा. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून २०१८ पासून त्यात मुद्दाम निळा रंग घालायला सांगितलंय.

प्रश्न : मी एका खासगी अनुदानित शाळेचा मुख्याध्यापक आहे. बाहेरच्या गाड्या हटाव्यात म्हणून दोन वर्षं पाठपुरावा करतोय. आमचं स्वतःचं कॅन्टीन आहे, पण मुलं तरी बाहेरच जातात. उपाय सुचवावा.
*एक मुख्याध्यापक, अहिल्यानगर जिल्हा*

उत्तर : सर, तुमची तळमळ पत्रातून दिसते, म्हणून मोकळेपणाने लिहिते. तुमच्या कॅन्टीनमध्ये काय मिळतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. संस्था कॅन्टीनचा ठेका कसा देते, हेही लिहिलेलं नाही.

पुण्यात असताना मी एका शाळेत तपासणीला गेले होते. फाटकावर ‘जंक फूड विकू नये’ अशी सुरेख रंगवलेली पाटी होती. आत कॅन्टीनमध्ये शीतपेयाच्या कंपनीने दिलेला फ्रीज, त्यात पाण्याच्या दोन बाटल्या आणि बाकी सगळा कोला. मी ठेकेदाराला विचारलं, पोहे-उपमा का ठेवत नाही? तो म्हणाला, “मॅडम, संस्थेला वर्षाला जे भाडं देतो ते पोह्यांत निघत नाही.” त्याचं खरं होतं. जो जास्त बोली लावेल त्याला ठेका, असं संस्थेने ठरवलं की पाकिटं आणि बाटल्या आपोआप आत येतात. त्या शाळेच्या शिक्षकांना याचं फार वाईट वाटत होतं, पण ठेका त्यांच्या हातात नव्हता.

म्हणून पहिला उपाय, कॅन्टीनची बोली बंद करा. नाममात्र भाड्यावर, पदार्थ आणि दर ठरवून, गावातल्या एखाद्या महिला बचत गटाला द्या. चालवणाऱ्याची एफएसएसएआय नोंदणी आहे का ते बघा, ती जबाबदारी शाळेचीही आहे. काय ठेवायचं यासाठी फार शोधायला नको. मे २०१७ मध्ये आपल्या शालेय शिक्षण विभागाने कॅन्टीनसाठी शासन निर्णय काढला होता. चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, पाणीपुरी, शीतपेयं असे पदार्थ नकोत, आणि पोळी-भाजी, पुलाव, इडली-सांबार, उपमा, खीर, राजमा, नारळपाणी असे ठेवावेत, असं त्यात आहे. तो कागद तुमच्या कार्यालयात नक्की आला असेल. काढून बघा.

दुसरा उपाय वेळेचा आहे आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तुमची मधली सुट्टी किती मिनिटांची आहे? पंधरा मिनिटांत हात धुवायचे, रांगेत उभं राहायचं आणि खायचं, हे सहाशे मुलांना कसं जमणार? मग ज्याच्याकडे एका मिनिटात पाकीट मिळतं, तिथेच मूल जातं. सुट्टी अर्ध्या तासाची करा आणि कॅन्टीनला दोन खिडक्या ठेवा. हे झाल्यावर बाहेरच्यांबद्दल अर्ज करा, मी स्वतः तो लिहून देईन.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. आमची शाळा सकाळी सातला भरते. मी सव्वासहाच्या एसटीने येते. आई पहाटेच कामाला जाते म्हणून डबा नसतो, दहा रुपये देते. आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळायची, आता मिळत नाही. मी दोन पाकिटं घेते. सर म्हणतात पाकिटं खाऊ नका. मग मी काय खाऊ?
*एक विद्यार्थिनी, सांगली जिल्हा*

उत्तर : बाळा, तुझं चुकलेलं नाही, हे पहिल्यांदा सांगते. सव्वासहाला एसटी पकडणाऱ्या मुलीने दहा वाजेपर्यंत उपाशी कसं राहायचं, याचा विचार मोठ्यांनी करायला हवा होता.

तू विचारलंस ते तर आम्हा मोठ्यांना लाज वाटावी असं आहे. पोषण आहाराची योजना आठवीपर्यंतच आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना एका जेवणात ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं तिच्यात ठरवलंय. नववीत गेल्यावर मुलीची भूक कमी होत नाही, उलट अंग वाढायचं वय असतं. पण तिथे खिचडी बंद होते, आणि शाळेबाहेर सगळ्यांत जास्त गर्दी तुमच्याच वयाच्या मुलांची दिसते. लोक म्हणतात, आजकालच्या पोरांना चटक लागली. तुझं पत्र मी त्यांना वाचायला देणार आहे.

आता दहा रुपयांत काय, ते बघू. किराणा दुकानातून एकदम पाव किलो भाजके शेंगदाणे आणि थोडा गूळ आणून ठेव. रोजच्या दहा रुपयांतून काही दिवस साठवलेस की तेवढे होतील. एक मूठ शेंगदाणे आणि गुळाचा खडा कागदी पुडीत बांधून दप्तरात ठेव. एका मुठीत सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात, तुझ्या दोन पाकिटांत मिळून त्याच्या जवळपासही नसतात. फुटाणे चालतील, राजगिऱ्याचा लाडू चालेल, केळं मिळालं तर उत्तम. रात्रीची एखादी चपाती किंवा भाकरी उरत असेल तर आईला सांग, शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळी करून ठेव म्हणावं. सकाळी तुला नुसती उचलायची आहे. मैत्रिणी हसतील असं वाटलं तर पहिल्या दिवशी दोन गुंडाळ्या ने आणि एक त्यांना दे.

आणि एक काम कर. तुझ्या वर्गात सकाळी काही न खाता येणाऱ्या किती मुली आहेत, ते मोजून मला कळव. कुणाचं नाव लिहू नकोस, फक्त आकडा लिही. तुमच्या मुख्याध्यापकांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना मी पत्र लिहिणार आहे, त्यात तो आकडा घालायचा आहे. इतर वाचकांनीही आपल्या मुलांच्या शाळेची मधली सुट्टी किती वाजता आणि किती मिनिटांची असते, ते या महिन्याच्या २० तारखेपर्यंत मला पत्राने कळवावं.